मण्यार, अँटिजेन आणि पेठनाका : जून २०२१ मधील एका रुग्णवाहिका-फेरीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील, वारणा खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले आहे. जून २०२१ चा दुसरा आठवडा होता. मी तेव्हा रुग्णवाहिकेवर डॉक्टर होतो आणि ज्या गाडीने या रुग्णाला नेले तिच्यावर त्या रात्री माझीच पाळी होती. त्यामुळे पुढे जे काही उशिराचे आणि चुकीचे म्हणून सांगितले आहे, त्यात माझाही वाटा आहे. रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून वाडीचे व रुग्णालयांची नावे दिलेली नाहीत आणि घरातील काही तपशील बदलले आहेत. वेळा मात्र त्या रात्रीच्या नोंदीतून घेतल्या आहेत, कारण या प्रकरणात सांगण्यासारखे जे आहे ते बहुतेक वेळांमध्येच आहे.

महामारीत रुग्णवाहिका कमी पडल्या असे आपण सरसकट म्हणतो. मला ते अर्धेच खरे वाटते. त्या रात्री आमच्या भागातल्या गाड्यांची संख्या एकानेही कमी झालेली नव्हती. प्रत्येक माणूस, प्रत्येक रुग्णालय आपापल्या जागी बऱ्यापैकी शहाणपणाने वागले, आणि तरीही त्या सगळ्या शहाणपणाची बेरीज सर्पदंशाच्या एका बाईसाठी सहा तासांची झाली. ती बेरीज कशी झाली, हे येथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ पासून चालते. ९३७ गाड्यांच्या ताफ्यातील २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक, म्हणजे व्हेंटिलेटर व हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र असलेल्या, आणि उरलेल्या ७०४ मूलभूत प्रकारच्या, अशी तिची मूळ रचना. प्रत्येक गाडीवर एक डॉक्टर आणि एक चालक असतो. चालकाला सगळे पायलट म्हणतात. कॉल पुण्यातील नियंत्रण कक्षात जातो आणि तेथून जवळची मोकळी गाडी पाठवली जाते. ग्रामीण भागात अर्ध्या तासात पोहोचावे, असे अपेक्षित असते. या सगळ्या रचनेचा कणा ‘मोकळी’ या एका शब्दात आहे. गाडी रुग्णाला पोहोचवून पुन्हा मोकळी होईल, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

सांगली जिल्ह्याला या साथीची ओळख फार लवकर झाली. २३ मार्च २०२० रोजी इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एकाच कुटुंबातील चौघे बाधित आढळले आणि आठवडाभरात ती साखळी वीसच्या पुढे गेली. मिरजेचे शासकीय रुग्णालय कोरोनासाठी राखून ठेवण्यात आले. पहिली लाट सरली, दुसरी आली, आणि जून २०२१ मध्ये राज्याच्या बऱ्याच भागांत रुग्ण उतरू लागले, ७ जूनपासून पाच स्तरांनुसार निर्बंध सैल होऊ लागले, तेव्हाही सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मागेच रेंगाळत होते. मुंबई-पुण्याकडचे ओळखीचे लोक ‘आता संपलं’ म्हणत असताना आम्ही रात्रीत दोन-दोन रुग्ण ऑक्सिजनवर घेऊन सांगलीच्या वाटेला लागलेलो असायचो.

घर आणि गोठा

रुग्ण चौतीस वर्षांची शेतकरी बाई. घर दोन खणांचे. सासूबाईंचा कोरोना अहवाल पाच दिवसांपूर्वी पॉझिटिव्ह आला होता. लक्षणे सौम्य असल्याने त्यांना गृहविलगीकरणात ठेवले होते आणि सांगितल्याप्रमाणे आतली खोली, घरातला एकमेव पलंग व पाण्याचा वेगळा हंडा त्यांना दिला होता. नवरा व मुले बाहेरच्या खणात झोपत. सासूबाईंचे जेवणखाण, कपडे हीच करत असल्याने मुलांना बाधा नको म्हणून ती स्वतः गोठ्याच्या पडवीत वाकळ अंथरून झोपू लागली होती. पडवीच्या एका कडेला गवताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी पहिला पाऊस झाला होता.

महामारीचा या प्रकरणाशी पहिला संबंध येथे आहे, रुग्णवाहिका बोलावण्याच्या कितीतरी आधी. मण्यार रात्री फिरते, उंदीर-पालींच्या आणि दुसऱ्या सापांच्या मागावर घरात-गोठ्यात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूण सापडेलच असे नाही. नाग किंवा घोणस चावली तर घरभर आरडाओरडा होतो; मण्यार चावलेला माणूस पुष्कळदा कूस बदलून पुन्हा झोपतो. विलगीकरणाच्या सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतंत्र खोली असलेले घर होते, आणि दोन खणांच्या घराने ती सूचना प्रामाणिकपणे पाळली तेव्हा एक माणूस गोठ्यात गेला.

पहाटेचे तीन तास

अडीचच्या सुमारास तिला पोटात कळ येऊन जाग आली आणि एक उलटी झाली. मण्यारीच्या दंशात पोटदुखी हे फार जुने, ओळखीचे पहिले लक्षण आहे. इतर कोणत्याही जूनमध्ये, गोठ्यात झोपलेल्या बाईला पहाटे पोटदुखी व उलटी झाली असती, तर त्या वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने ‘पान तर लागलं नाही ना?’ असे नक्की विचारले असते. आमच्याकडे सापाचे नाव रात्री घेत नाहीत. साप चावण्याला पान लागणे म्हणतात. त्या पहाटे कोणी विचारले नाही. घरात कोरोना होता, उलट्या-जुलाब हेही कोरोनाचे लक्षण आहे हे गावोगावी पाठ झाले होते, आणि सासूबाईंच्या गोळ्यांतली एक पॅरासिटामॉल तिला देण्यात आली.

साडेचारपर्यंत तिला घोट गिळता येईना आणि डोळे जड झाले. धाकट्या दिराने आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीला, फोन केला. त्या अंधारातून चालत आल्या, ऑक्सिमीटर लावला, तो ९५ दाखवत होता. पुन्हा अर्ध्या तासाने ९२. दम लागल्यासारखा वाटतो, बोलताना आवाज नाकातून येतो, असे दिराने मला नंतर सांगितले. आवाजाची ही गोष्ट फोनवर कोणी सांगितली नाही, कारण कोणी ती विचारण्याजोगी मानली नाही. ५ वाजून २० मिनिटांनी १०८ ला फोन गेला. सांगणाऱ्याने जे सांगितले ते असे : घरात पॉझिटिव्ह रुग्ण, आता सुनेला उलटी, दम, ऑक्सिजन ९२. यावरून कोरोनाचा संशयित रुग्ण अशीच नोंद होणार. मी फोनवर असतो तरी तीच केली असती.

फोनच्या आधी दिराने वडापची, म्हणजे भाड्याने प्रवासी नेणारी, जीप विचारली होती. एरवी या वाडीतून कोणाला पान लागले की पहिली गाडी वडापचीच निघते. रुग्णवाहिकेची वाट पाहण्याची पद्धतच नाही. जीपवाला घरी होता, गाडीत डिझेल होते. पण ‘कोरोनाचा पेशंट’ म्हटल्यावर तो कचरला. त्याच्या घरात दोन लहान मुले व दम्याची आई होती. पुढे महिनाभर तो त्या घरासमोरून जाताना मान खाली घालून जात असे, असे ऐकले. ‘साप’ हा शब्द जर त्या पहाटे कोणाच्या तोंडून निघाला असता, तर हाच माणूस साडेचारला जीप घेऊन दारात उभा राहिला असता, याबद्दल मला शंका नाही.

आमची गाडी कुठे होती

आमची गाडी मूळची शिराळा तालुक्यातलीच. त्या रात्री साडेबाराला आम्ही एकसष्ट वर्षांच्या एका कोरोना रुग्णाला घेऊन पूर्वेकडे निघालो आणि २ वाजून ४० मिनिटांनी रुग्णालयाच्या फाटकाशी पोहोचलो. आत खाट नव्हती. कोणी ‘नाही’ म्हणाले नाही. ‘थांबा, बघतो’ म्हणाले, आणि ते खरोखर बघत होते. आमच्या पुढे दोन गाड्या उभ्या होत्या. आम्ही त्या रुग्णाला गाडीतच, मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजनवर ठेवून ४ वाजून ५५ मिनिटांपर्यंत थांबलो.

बाहेरून पाहणाऱ्याला हे थांबणे निष्क्रिय वाटते, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. ‘बी टाइप’ म्हणतात त्या लहान सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटरने तो अडीच तास पुरतो. आम्ही फाटकाशी सव्वादोन तास होतो. म्हणजे रुग्ण आत गेला तेव्हा एक सिलिंडर जवळजवळ संपला होता आणि तो बदलल्याशिवाय पुढचा दमाचा रुग्ण घेणे शक्य नव्हते. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने स्ट्रेचर, कठडे, छताचा दांडा, दाराच्या मुठी पुसायच्या, दोन्ही दारे उघडी ठेवून गाडी वाळवायची, पीपीई किट उतरवून पिवळ्या पिशवीत टाकायचे. हे करत असतानाच ५ वाजून २३ मिनिटांनी वाडीचा कॉल आमच्याकडे आला, कारण आमच्याहून जवळची मोकळी गाडी नव्हती. वाडी ऐंशीच्या आसपास किलोमीटर लांब होती. गाडी शिराळ्याची, रुग्ण शिराळ्याचा, आणि दोघांमध्ये अख्खा वाळवा तालुका.

एका गाडीला एका फेरीला एरवी दोन तास लागत असतील आणि साथीत पाच लागू लागले, तर रस्त्यावर गाडी एकच दिसते, पण काम अर्ध्याहूनही कमी गाडीचे होते. महामारीने आमच्या गाड्या घेतल्या नाहीत, फाटकाशी उभ्या करून ठेवल्या. फाटकावरचा तो वेळ गाड्यांची संख्या मोजून कधीच दिसत नाही. नवीन गाड्यांची मागणी करणाऱ्या बहुतेक निवेदनांत त्याचा उल्लेखही नसतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

दारात

आम्ही ७ वाजून १० मिनिटांनी पोहोचलो. गाडी वाडीच्या खालच्या रस्त्यावर थांबवून, किट घालून, चढ चढून गेलो. गॉगल पहिल्या शंभर पावलांतच धुक्याने भरला. मी ताप पाहिला, ऑक्सिमीटर लावला (९०), सासूबाईंचा अहवाल मागितला, तो मोबाइलवर शोधण्यात काही वेळ गेला. पहिली सहा-सात मिनिटे मी कोरोनाचाच रुग्ण तपासत होतो.

मग तिने माझ्याकडे पाहण्यासाठी हनुवटी वर केली. डोळे उघडण्याऐवजी तिने सगळे डोके मागे टाकले आणि पापण्यांच्या खालच्या फटीतून माझ्याकडे पाहिले. हे कोरोनात होत नाही. पापण्या उचलणारे स्नायू ढिले पडले की माणूस असे पाहतो. मी तिला एका दमात आकडे मोजायला सांगितले. निरोगी माणूस सहज तिसाच्या आसपास जातो. ती नाकातल्या आवाजात अकरापर्यंत गेली आणि थांबली. मान धरवेना. हातापायांची ताकद अजून बरी होती. दंशाची खूण मला सापडली नाही. दोन थरांचे हातमोजे, धुरकट गॉगल आणि पडवीतला पिवळा दिवा यांत ती सापडलीही नसती, आणि मण्यारीच्या बाबतीत खूण नसणे हे साप नसण्याचा पुरावा नव्हे. थोरल्या मुलाने तेवढ्यात सांगितले की परवा पेंढ्या हलवताना काळी, पांढऱ्या पट्ट्यांची ‘दोरी’ दिसली होती. ते त्याने त्या पहाटेही एकदा सांगितले होते, पण कोणी ऐकले नव्हते.

ऑक्सिमीटरविषयी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे, कारण त्या वर्षी घराघरांत ते यंत्र आले आणि ‘चौऱ्याण्णवच्या वर म्हणजे ठीक’ हे वाक्य त्याच्याबरोबर आले. कोरोनाच्या न्युमोनियात फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन जाण्यात अडथळा येतो, म्हणून आकडा घसरतो आणि आजाराचे माप देतो. मण्यारीच्या विषात फुप्फुस चांगले असते. छाती हलवणारे स्नायूच संपावर जातात. अशा रुग्णाला मुखवट्याने ऑक्सिजन दिला की आकडा ९८ वर चढतो, नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, आणि इकडे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. आम्ही ऑक्सिजन लावल्यावर अगदी तसेच झाले. आकडा ९८ झाला आणि एका दमातली मोजणी अकरावरून आठावर आली. त्या दिवशी माझा विश्वास त्या मोजणीवर होता.

ग्रामीण रुग्णालय

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आम्ही ७ वाजून ४० मिनिटांनी पोहोचलो. तेथील निम्मे कर्मचारी कोविड केंद्रावर होते, दोन परिचारिका स्वतः विलगीकरणात होत्या. सर्पविषरोधक लस, जिला सगळे नुसते एएसव्ही म्हणतात, ती पुरेशी होती, आणि सर्पदंशाचे रुग्ण नेहमीचे असल्याने कोणाला काही शिकवावे लागले नाही. नियमाप्रमाणे दाखल करताना अँटिजेन चाचणी झाली. ती पॉझिटिव्ह आली.

८ वाजून ५ मिनिटांनी दहा कुप्यांची पहिली मात्रा सुरू झाली. दहा कुप्या म्हणजे दहा वेळा भुकटीत दहा मिलिलिटर पाणी घालून, जोरात न हलवता, तळहातांत घोळवून ती विरघळवणे. हलवली तर फेस येतो. एकच परिचारिका होती, तिच्याबरोबर मी आणि शिपाई कुप्या घोळवत बसलो होतो. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची नळीतली चाचणी व्यवस्थित होती, म्हणजे रक्त गोठू न देणारी घोणस नव्हती. निओस्टिग्मिन देऊन पाहिले. पापण्या हलल्या नाहीत. नागाच्या विषात या औषधाने अनेकदा फरक दिसतो, मण्यारीच्या बाबतीत फारसा नाही, कारण तिचे विष मज्जातंतूची टोकेच निकामी करते. एकदा ती टोके गेली की लसही त्यांना परत आणत नाही. ती नव्याने उगवेपर्यंत, म्हणजे काही दिवस, रुग्णाचा श्वास यंत्राने चालवणे हाच उपचार. लस लवकर देण्याचा सगळा अर्थ या टोकांपाशी आहे, आणि आम्ही दंशानंतर बहुधा सहा तासांनी ती देत होतो.

साडेआठला मोजणी पाचवर आली, घशात लाळ साठू लागली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी श्वासनलिकेत नळी घालायचे ठरवले. पॉझिटिव्ह रुग्णाच्या घशात वाकून नळी घालणे म्हणजे काय, हे २०२१ मध्ये प्रत्येकाला माहीत होते. त्यांनी खोली रिकामी केली, किट घातले, आणि दुसऱ्या प्रयत्नात नळी बसवली. नळी आणि हाताने दाबायची अंबू बॅग यांच्यामध्ये बसवायचा विषाणू-फिल्टर रुग्णालयात एकच शिल्लक होता. तो आम्हाला दिला.

पेठनाका

व्हेंटिलेटर ना तेथे होता ना आमच्या मूलभूत गाडीत. प्रगत गाडी मागितली. ती दुसऱ्या जिल्ह्यात रुग्ण पोहोचवायला गेली होती. ९ वाजून १५ मिनिटांनी आम्ही अंबू बॅगवरच निघालो. पायलट गाडी चालवणार, मी शिरेतली लस, नाडी आणि नळी सांभाळणार, म्हणजे बॅग दाबायला तिसरा माणूस हवा. दीर पुढे झाला. त्याला किट घातले, हातमोजे घातले आणि किती वेळाने दाबायचे ते सांगितले. तो घड्याळ पाहून चुकू लागला. गावच्या भजनी मंडळात तो टाळ वाजवतो, हे मला आशाताईंनी सांगितले होते, म्हणून म्हटले, ‘मनात सावकाश तीनदा विठ्ठल म्हणा आणि मग दाबा.’ त्यानंतर पावणेदोन तासांत तो एकदाही चुकला नाही.

शिराळ्याहून येणारा रस्ता पेठनाक्याला पुणे-बंगळूर महामार्गाला मिळतो. डावीकडे कराड, उजवीकडे कोल्हापूर, समोर इस्लामपूर ओलांडून सांगली-मिरज. पश्चिम महाराष्ट्रात गंभीर रुग्णाला न्यायला याहून चांगली जागा नाही. तिन्ही दिशांना तासाभरात मोठी रुग्णालये आहेत. आम्ही तेथे १० वाजून ५ मिनिटांनी पोहोचलो आणि वीस मिनिटे उभे राहिलो.

पहिल्या रुग्णालयाने सांगितले की सगळे व्हेंटिलेटर कोविडला लागले आहेत. दुसऱ्याकडे, कोविड नसलेल्यांच्या अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटर होता; पण अँटिजेन पॉझिटिव्ह म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. आत डायलिसिसचे आणि कर्करोगाचे रुग्ण होते आणि तो विभाग शाबूत ठेवणे हे त्यांचे कामच होते. तिसऱ्याकडे कोविड विभागात जागा होण्याची शक्यता होती, परंतु ‘सर्पदंश आमच्याकडे घेत नाही, लस ठेवत नाही’ असे उत्तर आले. एका दारात ती सापाची रुग्ण म्हणून चालत होती पण कोरोना आडवा येत होता. दुसऱ्या दारात कोरोनाची म्हणून चालत होती, तर साप आडवा येत होता. तिला स्वतःला कोरोनाचा काही त्रास होता, असे मला अजूनही वाटत नाही.

तिसऱ्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञांनी हा गुंता सोडवला. त्यांनी स्वतः फोन घेतला आणि विचारले, ‘लस तुमच्याकडे किती आहे?’ ग्रामीण रुग्णालयाने निघताना आणखी दहा कुप्या पिशवीत घालून दिल्या होत्या. ‘मग लस घेऊन या. आम्हाला यंत्र द्यायचं आहे, साप पकडायचा नाही.’ दहा मिनिटांनी परत फोन आला की यंत्र मोकळे झाले आहे. त्या दिवसांत व्हेंटिलेटर मोकळा झाला म्हणजे काय झाले असेल, हे कोणी कोणाला विचारत नसे. तिन्हींपैकी कोणत्या रस्त्याला लागलो, ते सांगण्याचे येथे कारण नाही. ११ वाजून १० मिनिटांनी ती यंत्रावर होती. आमची गाडी धुऊन मोकळी व्हायला पावणेएक झाला. मधल्या साडेसात तासांत आमच्या भागात छातीत दुखण्याचा एक कॉल येऊन गेला होता. त्याचे काय झाले, ते मला कळले नाही.

पुढे

ती पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहिली. तिसऱ्या दिवशी बोटे हलली, चौथ्या दिवशी पापण्या उघडल्या. कोविड विभागात नातेवाइकांना प्रवेश नव्हता, आणि मण्यारीच्या विषाने लुळा पडलेला माणूस शुद्धीवर असतो, सगळे ऐकतो, फक्त डोळाही उघडू शकत नाही. बाहुल्याही विस्फारलेल्या असू शकतात, त्यामुळे न जाणणाऱ्याला तो गेल्यातच जमा वाटतो. तेथील एका परिचारिकेला हे ठाऊक होते. ती रोज पाळी सुरू होताना तिच्या कानाशी वार, वेळ आणि ‘मुलं बरी आहेत’ एवढे सांगत असे. बाराव्या दिवशी रुग्ण घरी आली.

वैद्यकीय दृष्टीने हे प्रकरण यशस्वी म्हणून नोंदले जाईल, आणि ते आहेच. परंतु भारतात दर वर्षी सर्पदंशाने सरासरी अठ्ठावन्न हजारांच्या आसपास माणसे मरतात असा अंदाज आहे. त्यांतले पुष्कळ मृत्यू रुग्णालयाबाहेर, वाटेतच होतात, आणि २०२०-२१ मध्ये त्या वाटा किती लांबल्या याचा हिशेब शिराळ्यापुरताही कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. इटलीतील लोम्बार्डीने असा एक हिशेब मांडला. तेथील चार प्रांतांत २१ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२० या काळात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडल्याच्या ३६२ घटना नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षी त्याच दिवसांत २२९ होत्या. वाढलेल्या १३३ समोर कोरोनाचे निश्चित वा संशयित रुग्ण १०३ होते. उरलेल्या तिसांचा हिशेब कोरोनाने लागत नाही. फोन करायला घाबरलेले, फोन लागला पण गाडी नसलेले, किंवा गाडी आली पण दुसऱ्याच आजाराची तयारी करून आलेली, असे लोक त्या तिसांत असणार, असे मला वाटते. आपल्याकडेही २०२० च्या टाळेबंदीत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे हृदयरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी पाहणीत दिसले. झटके थांबले नव्हते.

या प्रकरणानंतर आम्ही आमच्यापुरते दोन बदल केले. दम लागण्याच्या कॉलवर निघताना घरच्यांना फोन करून दोन प्रश्न जास्तीचे विचारू लागलो : रुग्ण रात्री जमिनीवर झोपला होता का, आणि डोळे उघडताना त्रास होतो का. वाटेत असताना विचारायला काही लागत नाही. दुसरे म्हणजे लसीच्या दहा कुप्या आणि दोन फिल्टर एका डब्यात भरून ग्रामीण रुग्णालयात वेगळे ठेवले, म्हणजे पुढे पाठवताना रुग्णाबरोबर तो डबा जाईल. लस नाही म्हणून दार बंद होणार नाही. फाटकाशी गाडी थांबण्याचे मात्र काही करता आले नाही. ते आमच्या हातातले नव्हते, आणि ज्यांच्या हातात होते त्यांच्याकडे खाटा नव्हत्या.

ऑगस्टमध्ये, पूर ओसरल्यावर, मी दुसऱ्या एका कामासाठी त्या वाडीत गेलो होतो. तिचा आवाज पूर्ववत झाला होता. चहा घेऊनच जायचे, असा तिने आग्रह केला. गोठ्यातल्या पेंढ्या घरापासून लांब हलवल्या होत्या. ती अजूनही जमिनीवरच झोपते, पण आता मच्छरदाणी लावून, तिची कड चारही बाजूंनी वाकळीखाली खोचून. पलंगाचे विचारले तेव्हा म्हणाली, ‘पलंग एकच हाय, डॉक्टर. आत्याबाईंचं गुडघं दुखत्यात.’